तुम्ही विचारलंत म्हणून: मल्चिंग पेपर खाणारं कल्चर कुठे मिळेल?

“प्लास्टिक खाणारे जिवाणू निघालेत ना? मग एखादं कल्चर सांगा, ड्रिपमधून सोडतो. वाफ्यांवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरचे तुकडे रानभर झालेत.” असं कल्चर नाही, हे मी किती वेळा सांगितलं असेल. पण बातमीत होतं, असं उत्तर ठरलेलं.

बातमी खोटी नव्हती. जपानमधल्या साकाई शहरात सापडलेल्या इडिओनेला साकायेन्सिस या जिवाणूची माहिती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. पण तो खातो पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. तेही पातळ, कमी स्फटिकी फिल्म असेल तर, ३० अंशांना, सुमारे सहा आठवड्यांत. पीईटीच्या रेणूंच्या लांब साखळीत एस्टर नावाचे बंध असतात, जिवाणूंची विकरं (एन्झाइम) तिथे कापतात. तुमचा पेपर पॉलिइथिलीनचा. त्याच्या साखळीत कार्बनला कार्बन जोडलेला, विकराला धरायला जागा नाही. उन्हानं ऑक्सिडेशन होऊन साखळ्या बारीक तुटल्या तरच जिवाणूंच्या हाती काही लागतं. उपटलेला पेपर नीट बघा: वरचा भाग कडकडीत होऊन हातात चुरतो, पण मातीत दाबलेली कड पहिल्या दिवसासारखी मऊ असते. तिला ऊन लागलेलंच नसतं. नेमकी तीच कड तुटून मागे राहते.

“मग एका कंपनीच्या अहवालात पेपरचं वजन ९० दिवसांत घटलेलं दाखवलंय, त्याचं काय?” इथे मला थांबावंच लागतं, कारण सगळी फसगत या वजनात आहे. चाचणी अशी होते: ३ बाय ३ सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, वाळवून वजन करायचं, ओल्या मातीत पुरायचा, काढून धुवायचा, पुन्हा वाळवून वजन. २५ मायक्रॉनच्या अशा तुकड्याचं वजन भरतं जेमतेम २१ मिलिग्रॅम. धुताना मुगाच्या दाण्याएवढा कोपरा तुटला, की दोन टक्के ‘विघटन’ झालं! उलट काळ्या मातीचा कण चिकटून राहिला, तर वजन वाढतं. फिल्ममध्ये मिसळलेली रसायनं पाण्यात झिरपली, तरी घट दिसते आणि साखळी जशीच्या तशी असते. म्हणून तुलनेला शेजारी निर्जंतुक मातीत पुरलेला तुकडा हवाच; तिथे जिवाणूच नाहीत, तरी वजन घटलं, तर ती घट विघटनाची नव्हे. अहवालात तो नसेल, तर पुढचं पान उलटू नका. इन्फ्रारेड आलेखात (तो तुकड्यातले रासायनिक बंध दाखवतो) नवी शिखरं दिसली म्हणूनही हुरळू नका. तुकड्यावर चिकटलेल्या जिवाणूंची प्रथिनंही तिथे शिखरं देतात. कार्बन डायऑक्साइड मोजावा, तर मातीचा स्वतःचा श्वास त्या २१ मिलिग्रॅमपेक्षा कितीतरी मोठा. खात्री हवी असेल, तर प्लास्टिकमध्येच कार्बन-१३ची, म्हणजे वेगळा ओळखता येणाऱ्या जड कार्बनची, खूण घालून ती बाहेर पडणाऱ्या वायूत आणि जिवाणूंच्या अंगात शोधावी लागते.

एकेकाळी मीही वजनघट पुरेशी मानत होते. तेव्हा वाटायचं, काहीच न मोजण्यापेक्षा बरं. आज वाटतं, चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं. पण गावपातळीच्या प्रयोगशाळेत कार्बन-१३ कुठून आणणार, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

पीबीएटी या दुसऱ्या प्लास्टिकचा जैवविघटनशील पेपर वेगळा. त्यात एस्टर बंध आहेत, आणि त्याचा कार्बन मातीतल्या बुरशीच्या तंतूंत गेल्याचं झुरिचच्या संशोधकांनी २०१८ मध्ये खुणेच्या कार्बननं दाखवलं. युरोपीय मानक सांगतं, दोन वर्षांत ९० टक्के कार्बन वायूत जावा. पण ते प्रयोगशाळेच्या ओलीत, २० ते २८ अंशांना. आपल्याकडे मार्च ते जून रान कोरडं ठणठणीत असतं, तेव्हा जिवाणूही बसून असतात. दर हंगामी नवा पेपर अंथरला, तर आधीचा संपलेला असेलच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. घेऊच नका, असंही म्हणवत नाही.

साधा पेपर मात्र काढावाच लागतो. आधी झाडांचे बुडखे आणि ड्रिपच्या नळ्या काढा. एक हलकं पाणी द्या, वाफसा आला की कडेची माती कुदळीनं सैल करा आणि पेपर गुंडाळत न्या. कोरड्या मातीत ओढला, तर कड तुटते. पुढच्या वेळी २५ ऐवजी ३० मायक्रॉनचा घ्या, सलग निघतो. आणि पेपर निघेपर्यंत रोटाव्हेटर घालू नका. एकदा त्याच्या पात्यात सापडला, की ते तुकडे वेचणं माणसाच्या हाताबाहेरचं आहे.