१९ दिवस घरावर विमाच नव्हता

विमा एजन्सीच्या ऑफिसात सर्व्हिस डेस्कला बसते मी, म्हणजे नवीन पॉलिसी विकायचं काम माझं नाही, विकल्यानंतर जे काही होतं ते सगळं माझ्याकडे येतं. पत्ता बदला, नाव दुरुस्त करा, क्लेम कुठे अडकलाय ते बघा. पॉलिसी रद्द झाल्याच्या केसेस पण येतात, बहुतेक वेळा हप्ता राहिलेला असतो, तो भरला की दोनचार दिवसात मार्गी लागतात. ही तशी नव्हती म्हणून लिहितेय.

सकाळी दार उघडल्या उघडल्या एक काका आले. हातात कर्ज देणाऱ्या बँकेचं पत्र. त्यात लिहिलेलं की तुमच्या घराचा विमा चालू नसल्याचं आम्हाला कळलंय, त्यामुळे आम्ही आमच्यातर्फे विमा घेतलाय आणि त्याचा खर्च तुमच्या कर्जखात्यात टाकलाय. काकांचं म्हणणं एकच, "अहो हे चुकलंय काहीतरी, आमचा हप्ता कार्डावरून आपोआप जातो, इतकी वर्षं जातोय."

सिस्टीममधे बघितलं तर पॉलिसी खरंच रद्द. हप्ता न मिळाल्यामुळे, १९ दिवसांपूर्वी रात्री १२ पासून. कार्डाची मुदत संपलेली, बँकेने नवीन कार्ड पाठवलं पण नंबर बदलला आणि इकडे जुनाच नंबर राहिला. हप्ता दोनदा फेल गेला, मग नोटीस, मग शेवटची नोटीस, मग रद्द. नोटिसा सगळ्या ईमेलवर गेलेल्या.

मी विचारलं, काका हा ईमेल तुमचाच ना? त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, हा हिचा आहे. पॉलिसी काकूंच्या नावावर होती, कागदपत्रांचं सगळं त्याच बघायच्या, आणि त्यांना जाऊन ८ महिने झाले होते.

खिशातून एक छोटी डायरी काढली त्यांनी, त्यात काकूंच्या अक्षरात पासवर्ड लिहिलेला, एक अक्षर खोडून वर दुसरं केलेलं. माझ्यासमोरच मोबाईलवर मेलबॉक्स उघडला. खाली त्या गेल्या तेव्हाचे सांत्वनाचे मेल, आणि वरती जाहिरातींच्या गर्दीत आमच्या कंपनीचे ४, चारही न उघडलेले. पहिल्याचा विषय "आपला हप्ता जमा झाला नाही". काकांनी चारही मेल एकेक करून शेवटपर्यंत वाचले, मी मधे बोलले नाही.

आता इथे कंपनीची चूक काढायची तर काढता येत नाही पटकन, कारण नोंदवलेल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर नोटीस गेली की ती पोचली असंच बहुतेक पॉलिसींमधे धरतात, उघडली का नाही हा प्रश्नच येत नाही. आणि पॉलिसीधारक गेल्याचं कंपनीला कोणी कळवलेलंच नव्हतं. पण ८ महिन्यांपूर्वी गेलेल्या बाईला शेवटची नोटीस पाठवून आपण हात झटकले हे काही मला बरं वाटेना, आणि कंपनीला अर्ज लिहिताना ते मी स्पष्ट शब्दात लिहिलं.

अशा वेळी मार्ग असतो तो पॉलिसी परत चालू करून घ्यायचा, आणि शक्यतो रद्द झालेल्या तारखेपासूनच, म्हणजे मधे खंड पडत नाही. त्यासाठी राहिलेला हप्ता आणि एक डिक्लरेशन लागतं की या मधल्या दिवसात घराचं काही नुकसान झालेलं नाही. एका पानाचा फॉर्म, आमच्याकडे रोज कोणी ना कोणी सही करून जातं. मी फॉर्म काकांसमोर ठेवला, पेन दिलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला (खरंच सांगते, पूर्ण वाचणारे फार कमी) आणि विचारलं, "६ दिवसांपूर्वी बाथरूमचा पाईप फुटला होता, बाहेरच्या खोलीची भिंत फुगलीये खालून. ते नुकसान धरायचं का?"

शेजारच्या टेबलवरचा सहकारी हळूच म्हणाला, अगं त्याचा क्लेम करणारेत का ते, नाही ना, मग सोड की. वाईट माणूस नाही तो, काकांचं काम लवकर व्हावं एवढंच त्याला वाटत होतं. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तेच वाटलं. समोर एकटा माणूस, डोक्यावर कर्ज, आणि भिंत तर ते स्वतःच दुरुस्त करून घेणार होते.

पण आमचा सगळा धंदाच या एका गोष्टीवर उभा आहे. ट्रेनिंगमधे आम्हाला इंग्लंडमधला १७६६ चा कार्टर विरुद्ध बोएम हा खटला शिकवला होता, लॉर्ड मॅन्सफिल्ड यांचा निकाल, विम्यात दोन्ही बाजूंनी काही लपवायचं नाही हे तत्त्व तिथून पक्कं झालं. ग्राहकाने सगळं सांगावं म्हणून हा खटला नेहमी सांगतात, पण त्यात जिंकला होता विमा घेणाराच, ते मात्र फार कोणी सांगत नाही. लपवायचं नाही म्हणजे मीही काकांपासून लपवायचं नाही, हे मला त्या टेबलवर बसून स्पष्ट दिसलं.

म्हणून मी सरळ दोन्ही सांगितलं. काका, पाईपचं लिहिलं तर कंपनी मागच्या तारखेपासून चालू न करता आजपासून करू शकते, म्हणजे मधले १९ दिवस मोकळेच राहतील आणि भिंतीचा खर्च तुमचा. नाही लिहिलं तर कदाचित सगळं सुरळीत होईल, पण उद्या त्याच भिंतीत मोठं काही झालं आणि नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला जुनी ओल दिसली तर खोट्या डिक्लरेशनवरून क्लेमही जाईल आणि पॉलिसीही. आणि मग पुढे कुठल्याही कंपनीत फॉर्मवर विचारतात की आधी कधी विमा रद्द झालाय का आणि कशामुळे. हप्ता चुकला हे कारण समजून घेतात, खोटी माहिती दिली हे नाही.

काका म्हणाले, "लिहा. झालंय ते झालंय."

मग भिंतीचे फोटो, प्लंबरची पावती, काकूंचा मृत्यूचा दाखला, घर आता काकांच्या नावावर असल्याचे कागद असं सगळं जोडून पाठवलं. कंपनीचा माणूस भिंत बघून गेला. चौथ्या दिवशी उत्तर आलं की पॉलिसी काकांच्या नावाने चालू, पण मागच्या तारखेपासून नाही. १९ दिवस मोकळे राहिले होतेच, त्यात हे कागदपत्रांचे दिवसही गेले. मी परत एक मेल लिहिला अंडररायटरला, म्हणजे विमा द्यायचा का आणि कुठल्या अटींवर हे ठरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला, काही बदललं नाही.

बँकेचं काम मात्र झालं. बँकेने घेतलेला विमा सहसा फक्त इमारतीपुरता असतो, घरातल्या सामानाला त्यात काहीच नसतं, आणि बहुतेकदा महागही पडतो. नवीन पॉलिसीची प्रत त्याच दिवशी बँकेला पाठवली आणि जितके दिवस दोन्ही विमे एकावर एक चालले तितक्या दिवसांचे पैसे परत मागितले, ते खात्यात जमा झाले.

शेवटी संपर्काचा फॉर्म भरताना काकांना म्हणलं, ईमेल बदलूया, तुमचा द्या. त्यांनी त्यांचा दिला, मोबाईल नंबर पण दिला, मुलीचा नंबर दुसरा म्हणून दिला. मग म्हणाले, तो जुना पण राहू दे खाली, मी आता बघतो तो रोज. सिस्टीममधे तिसऱ्या ईमेलला जागाच नाही, म्हणून तो मी शेऱ्यात टाईप करून ठेवलाय.