व्हॅलेन्सियात कुठल्या बीचवर जायचं? तुम्ही विचारलंत म्हणून

मी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात राहते. मे महिना लागला की मेसेज सुरू होतात. 'तीन दिवस व्हॅलेन्सियात आहोत, कुठल्या बीचवर जाऊ?' मी लिहिते, मालवारोसा, नाहीतर तिला लागून उत्तरेला असलेली पाताकोना. त्यावरचं उत्तरही ठरलेलं: 'ती तर चौपाटीच झाली. एल सालेर फोटोत किती सुंदर दिसतं! कोकणातली असून एवढी भित्री कशी गं तू?'

एल सालेर सुंदर आहे हे मला कुणी सांगायला नको. शहराच्या दक्षिणेला दहा-एक किलोमीटरवर, एका अंगाला आल्बुफेराचं तळं आणि भातखाचरं, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे पाइनचं रान. इमारती उठवायच्या म्हणून तिथल्या वाळूच्या टेकड्या एकदा सपाट केल्या होत्या. सत्तरच्या दशकात लोकांनी विरोध केला, बेत बारगळला आणि पुढे त्या टेकड्या पुन्हा रचल्या. गुहागरला सुरूच्या बनातून पुळणीवर उतरत मोठी झालेली मी. इथे पहिल्यांदा आले तेव्हा माहेरी आल्यासारखं वाटलं होतं. पहिली काही वर्षं येईल त्याला मी तिथेच नेत होते.

दादाला, माझ्या चुलतभावालाही, मीच नेलं. मे महिन्यातला मधलाच वार. जीवरक्षकांचा हंगाम सुरू व्हायचा होता, त्यामुळे मनोरा रिकामा आणि काठीवर बावटाच नाही. पूर्वेकडून लेवांते वारा वाहत होता. दादाने पाण्याकडे बघत विचारलं, "इथे ओढ कशी असते गं?" आणि मी म्हणाले, "ओढ कसली! भरती-ओहोटी वीतभर. तळंच समज." आपल्याकडे पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं. ओढ म्हणजे ओहोटीची, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं होतं.

लाटा फुटत होत्या, पण मधे एक पट्टा शांत दिसत होता. वहिनीला पाण्याची भीती, म्हणून दादाने मुद्दाम तीच जागा निवडली. चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि आत गेला. आज मला माहीत आहे की तो पट्टा शांत का होता. लाटांनी आत लोटलेलं पाणी पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यातल्या खळग्यातून परत बाहेर जात होतं. तिथे खोल असतं म्हणून लाट फुटत नाही.

तो किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन पोहत होता आणि लहान होत चालला होता. मी हसून हात हलवला. मला वाटलं, मजेत आहे. गळ टाकून बसलेला एक म्हातारा उठला, शिट्टी घालून दोन्ही हातांनी आडवं, आडवं असं दाखवायला लागला. मग मला कळलं. "दादा, आडवा पोह! काठाला धरून!" मी घसा फाटेस्तोवर ओरडत होते. तो बराच दक्षिणेला जाऊन बाहेर आला, गुडघ्यांवर पडला आणि खारं पाणी ओकत राहिला. वहिनीने चष्मा इतका घट्ट धरला होता की काडी वाकली होती.

दादा त्यानंतर समुद्रात उतरलेला नाही. गुहागरलासुद्धा. पुळणीवर चपला घालून बसतो. मला कधी एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच मला जड जातं.

म्हणून मालवारोसा. उन्हाळ्यात तिथे जीवरक्षक असतात, बावटा असतो: हिरवा, पिवळा, लाल. लाल दिसला की पाण्यात पाऊल नाही. ओढ तिथेही लागते, पण बघणारं कुणीतरी असतं. ती रुंद आहे तीही बंदरामुळे, हे मला मान्य. या किनाऱ्यावर वाळू उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकते, बंदराच्या भिंतीला अडते आणि तिथे साठते. एल सालेरच्या वाट्याला तेवढी कमी येते. पण इथल्या सोरोया या चित्रकाराने पाण्यात खेळणारी मुलं रंगवली ती याच मालवारोसावर, तेव्हा तिला नुसती चौपाटी म्हणू नका.

तरी मन म्हणतं, दोष किनाऱ्याचा नव्हता, तुझ्या त्या एका वाक्याचा होता. जूननंतर, जीवरक्षक असताना, हिरवा बावटा बघून एल सालेरला पाठवायला काय हरकत आहे? हरकत काहीच नाही. मला ते लिहवत नाही.

आणि मी स्वतः? गेल्या ऑक्टोबरात पंचवीस नंबरची बस धरून गेले होते, एकटीच. मनोरा रिकामा होता. पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभी राहिले. घरी कुणाला सांगितलं नाही.