अ‍ॅस्पेक्टजे लावून जुना कोड चाळला, त्याचा अनुभव

ऐरोलीच्या ऑफिसात आमच्या टीमच्या गळ्यात एक जुना जावा बिलिंग प्रोजेक्ट पडला, आणि त्यात लॉगिंग, परमिशन चेक, डेटाबेस कनेक्शन हे सगळं बिलाच्या हिशोबातच कोंबलेलं. एक मेथड उघडली तर टॅक्स काढायच्या जेमतेम चार ओळी, बाकी नुसतं ट्राय-कॅच, युजर अ‍ॅडमिन आहे का आणि सिस्टिम डॉट आउट. लीड म्हणाली, "वेगळं काढू रे, पण आधी कुठे कुठे पसरलंय ते तरी कळू दे."

ग्रेप (फाइलींत शब्द शोधायची कमांड) मारून बघितलं, त्यात काही राम नाही, कारण कनेक्शनला कोणी कॉन नाव दिलंय कोणी सीएन, शिवाय कॉमेंटमधलं पण सगळं वर येतं. मग अ‍ॅस्पेक्टजे घेतलं, म्हणजे असं सगळीकडे पसरलेलं काम अ‍ॅस्पेक्ट नावाच्या वेगळ्या तुकड्यात लिहू देणारं जावाचं एक्स्टेंशन. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातलं जुनं टूल, अ‍ॅस्पेक्टची मूळ कल्पनाच १९९७ च्या पेपरमधली, आणि लोकांना ते फक्त लॉगिंगसाठी माहीत असतं, पण खरी मजा डिक्लेअर वॉर्निंगमध्ये आहे. पॉइंटकटमध्ये (कोडमधल्या कुठल्या जागा पकडायच्या ती अट) एवढंच लिहायचं की डीएओ पॅकेजच्या (डेटाबेसशी बोलणारा कोड) बाहेरून जावा एसक्यूएलच्या कनेक्शनवर कुठलाही कॉल दिसला तर वॉर्निंग दे, मग एजेसीने (अ‍ॅस्पेक्टजेचा कंपाइलर) कंपाइल केलं की फाइल आणि लाइन नंबरसकट यादी हातात. टाइप बघून शोधतं, त्यामुळे व्हेरिएबलचं नाव काही का असेना, सापडतंच (रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्राम चालू असताना नावाने मेथड शोधून केलेले कॉल सोडून). आणि प्रोग्रामचं वागणं जराही बदलत नाही, म्हणून मॅनेजरनेही कटकट केली नाही. फक्त यात सीफ्लो (अमुक मेथडच्या आतून आलेलाच कॉल पकडायची अट) टाकता येत नाही, सरळ एरर येतो, कारण कॉल कुठल्या वाटेने आला हे प्रोग्राम चालू असतानाच कळणार, कंपाइलरला कुठून कळणार?

परमिशन चेक सगळीकडे सेम होता, तो बिफोर अ‍ॅडव्हाइसमध्ये (मेथडच्या आधी चालणारा अ‍ॅस्पेक्टमधला कोड) आरामात गेला. एकाने स्प्रिंग एओपी (स्प्रिंग फ्रेमवर्कमधली अ‍ॅस्पेक्टची सोय) सुचवलं होतं, पण ते प्रॉक्सीवर, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टच्या पुढे उभ्या मध्यस्थावर चालतं, त्यामुळे एकाच क्लासमधली मेथड दुसरीला थेट बोलवते तेव्हा अ‍ॅडव्हाइस लागतच नाही, आणि आमच्या बिलिंग क्लासमध्ये तर सगळा कारभार तसाच. म्हणून कंपाइल टाइम वीव्हिंग, म्हणजे कंपाइल करतानाच अ‍ॅडव्हाइस कोडमध्ये विणून टाकायचा. शो-वीव्ह-इन्फो ऑप्शन लावला की अ‍ॅडव्हाइस कुठे कुठे लागला ते छापून येतं, ते परमिशन चेकच्या तशाच वॉर्निंगच्या यादीशी ताडून बघायचं आणि मगच जुना चेक उडवायचा.

लॉगिंगला हातच लावला नाही, प्रत्येक मेसेज वेगळा, ते अ‍ॅस्पेक्टमध्ये घालायचं म्हणजे उगाच डोक्याला ताप. कनेक्शनचे कॉल मात्र डीएओत हलवून झाल्यावर वॉर्निंगच्या जागी डिक्लेअर एरर केलं, आता कोणी बिलिंगमधून थेट कनेक्शन वापरलं की बिल्डच फुटतं.