ओरिजिनल की डुप्लिकेट?

आमच्या गाडीच्या स्टिअरिंगला, डाव्या हाताचा अंगठा बरोबर जिथे टेकतो तिथे, एक भेग होती. सुरुवातीला केसाएवढी. मग एका हिवाळ्यात ती रुंदावली आणि तिच्यात स्वेटरच्या बाहीचे धागे अडकायला लागले. बायको म्हणाली, "बदलून टाक ना ते आता. एक दिवस हात कापून घेशील." मी "हो" म्हणालो. त्या एका "हो"ने माझे आठ महिने खाल्ले.

गाडी म्हणजे १९६९ची फोर्ड मस्टँग मॅक वन. बोनेटखाली ३५१ घन इंचांचं, म्हणजे साधारण पावणेसहा लिटरचं, आठ सिलिंडरांचं धूड. आमच्या सांगलीच्या घरी जी पहिली चारचाकी आली तिचं इंजिन लिटरभराचंसुद्धा नव्हतं, हे आठवलं की मला अजूनही थोडं अपराधी वाटतं. पण मी हीच गाडी घेतली ती तिच्या नंबरमुळे. तिचा चासी नंबर "नऊ टी" असा सुरू होतो. नऊ म्हणजे १९६९, आणि टी म्हणजे फोर्डचा मेटाचेन कारखाना. नाव मेटाचेनचं असलं तरी कारखाना होता न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या हद्दीत. १९४८ ते २००४ इतकी वर्षं तिथे गाड्या बनल्या. आज त्या जागेवर दुकानं आहेत. आम्ही राहतो तेही एडिसनमध्येच. मी पोटासाठी येऊन एडिसनकर झालो, ही गाडी जन्माने एडिसनकर. तिला आणून दारात उभी केली तेव्हा माहेरवाशीण आल्यासारखं वाटलं होतं.

तर स्टिअरिंग. (मराठीत याला सुकाणू म्हणावं असं कोश सांगतो. गॅरेजमध्ये जाऊन कुणी "सुकाणू जड लागतंय" म्हणून दाखवावं.) मॅक वनला कंपनीने तीन आऱ्यांचं, लाकडी दिसणारं स्टिअरिंग दिलं होतं. "दिसणारं" हा शब्द महत्त्वाचा. आत लोखंडाचं कडं, वर कडक प्लास्टिक आणि त्या प्लास्टिकवर लाकडाच्या रेषा. पन्नास वर्षं उन्हात तापून आणि बर्फात गारठून प्लास्टिक आकसतं, आतलं लोखंड मात्र जसंच्या तसं राहतं. मग आऱ्याजवळ, जिथे ताण जास्त, तिथे ते उकलतं. तो तडा म्हणजे त्या दोघांच्या संसाराची कुरबुर.

याच स्टिअरिंगची आणखी एक गंमत म्हणजे याचा हॉर्न. मधलं बटण दाबायचं नाही. कड्याच्या आतल्या बाजूने, पूर्ण गोलाईत, रबराची एक पट्टी फिरवलेली असते आणि तिच्या पोटात दोन धातूच्या फिती. कुठेही मूठ आवळली की फिती एकमेकींना टेकतात आणि हॉर्न वाजतो. हात न उचलता हॉर्न! ही कल्पना ज्याला सुचली तो मागच्या जन्मी एसटीचा ड्रायव्हर असणार. पण रबर म्हातारं होतं, सुकतं, आखडतं. मग हॉर्न एक तर वाजतच नाही किंवा मनाला येईल तेव्हा वाजतो. आमच्या गाडीत तो पहिल्या प्रकारचा होता, अगदी मुका.

शोधायला लागल्यावर कळलं की माझ्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, जुनंच दुरुस्त करून घ्यायचं. भेगा व्ही आकारात कोरायच्या, त्यात इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट लगदा, भरायचा, घासायचं, पुन्हा लाकडाचा रंग चढवायचा. हे काम करणारे कसबी लोक आहेत, पण ते ज्या किमती सांगतात त्या ऐकून स्टिअरिंग नसतानाच चक्कर येते. दुसरी, नवं बनवलेलं हुबेहूब जुन्यासारखं. तिसरी वाट खऱ्या लाकडाची: अक्रोडाचं किंवा मॅहोगनीचं, रिबिट मारलेलं, देखणं, चौदा इंची.

मी पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या वाटेवर घसरलो होतो. ज्या वाड्यात मी वाढलो त्याचे खांब सागाचे. खऱ्या लाकडाला हात लावला की ओळख पटते. आणि शेवरोलेने १९६५-६६ मध्ये कॉर्व्हेटला जादा पैसे घेऊन खऱ्या सागवानाचं स्टिअरिंग दिलंच होतं की! पण शेजारचे आजोबा मधे पडले. वय ऐंशीच्या पुढे, तरुणपणी अशाच गाड्या दुरुस्त केलेले. ते म्हणाले, "तुझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग आहे का?" नाही. "मग चौदा इंचीने गाडी पार्क करून दाखव, मी खुर्ची घेऊन बघायला बसतो." मोठं चाक म्हणजे लांब तरफ, हे शाळेत पाठ केलं होतं, किराण्याच्या दुकानासमोर दोन गाड्यांच्या मधे ही अवजड गाडी घालायची म्हटल्यावर ते दंडात कळलं.

आणि खरं सांगायचं तर लाकडाचं मलाच बोचत होतं. या गाडीत खरं लाकूड कधीच नव्हतं. खरं लाकूड बसवलं तर ते या गाडीत खोटं ठरणार आणि प्लास्टिकचं बसवलं तर खरं! नव्या प्लास्टिकवालं स्टिअरिंग लाकडाची नक्कल करत नसतं, ते १९६९च्या प्लास्टिकची नक्कल करत असतं. म्हणजे नकलेची नक्कल, आणि तीही इमानदारीने केलेली हवी. असल्या विचारांत आठ महिने जातात.

पहिलं मागवलेलं परत पाठवलं. फोटोत बरं दिसत होतं. खोक्यातून काढलं तर लाकडाच्या रेषा सगळीकडे एकसारख्या, टाइल्स बसवल्यासारख्या, आणि चकाकी अशी की लग्नातल्या सिंहासनाची आठवण व्हावी. शिवाय कडं जुन्यापेक्षा जाड. ही जाडी फोटोत दिसत नाही, मोजपट्टीलाही नीट सापडत नाही, मुठीला मात्र एका क्षणात कळते.

मग जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलला गेलो. तिथे फोर्ड गाड्यांचा मोठा मेळावा भरतो आणि त्यात जुन्या सुट्या भागांचा बाजार. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जो फिरला असेल त्याला तिथे परकं वाटणार नाही. ताडपत्रीवर मांडलेले दिवे, आरसे, दरवाज्यांची हँडलं. गंजलेल्या वस्तूची किंमत जास्त आणि ती सांगताना विक्रेत्याचा चेहरा निर्विकार. मंडईच्या पद्धतीने "शेवटचं बोला" म्हणायची तीव्र इच्छा झाली. इंग्रजीत ते मिळमिळीत होतं.

तिथे एका टेबलावर चार-पाच नवी स्टिअरिंग मांडलेली होती आणि शेजारी नमुन्याला एक जुनं. मी डोळे मिटून एकेक धरून पाहिलं. बायको चार पावलं मागे सरकली. हा माणूस आपला नाही असा तिचा चेहरा. तिसऱ्याला हात लावला आणि थांबलो. जाडी बरोबर. मागच्या बाजूला बोटांना लागणारा उंचसखलपणा बरोबर. रबराची पट्टी दाबल्यावर जेवढी दबायला हवी तेवढीच दबणारी. डोळे उघडले, रंग जुन्यापेक्षा थोडा लालसर होता. विकणारा म्हणाला, "जुनं उन्हाने फिकट झालंय. नवं होतं तेव्हा ते असंच दिसायचं." हे खरं की धंद्याचं बोलणं, देव जाणे. मी पैसे काढले.

बसवायला एक दुपार पुरली. मधला नट सैल करायचा, पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं अवजार, लावायचा, हळूहळू ओढायचं. हातोडी अजिबात नाही. या गाड्यांचा स्टिअरिंगचा दांडा धडकेत आत दुमडावा असा बनवलेला असतो, ठोकाठोकीने तो बिघडतो. आजोबांनी हे मला तीनदा बजावलं आणि माझी हातोडी सरळ स्वतःच्या घरी घेऊन गेले. जुनं हातात आलं तेव्हा त्याची मागची बाजू पाहिली. घड्याळातल्या दहाच्या आणि दोनच्या ठिकाणी रेषा पार पुसून गेल्या होत्या. कुणाकुणाचे हात होते, मला नावानिशी माहीत नाहीत. ते मी गॅरेजच्या भिंतीला खिळ्यावर टांगलं. बायको म्हणाली, "म्हणजे आता दोन झाली."

संध्याकाळी चक्कर मारायला निघालो ते सवयीने आपल्या देशी लोकांच्या बाजाराला, ओक ट्री रोडला. सराफांची दुकानं, साड्यांची दुकानं, मिठाईवाले, रस्त्यात दुहेरी उभ्या गाड्या. वळण घेताना गाडी जड लागली म्हणून मी दोन्ही मुठी जोरात आवळल्या आणि हॉर्न मरणाचा केकाटला. घाबरून आणखी घट्ट धरलं, तर तो आणखी केकाटला. बाकी अमेरिकेत एवढ्यावर लोकांनी माना वळवून, डोळे वटारून पाहिलं असतं. ओक ट्री रोडवर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पुढच्या गाडीने तेवढा उलटा हॉर्न दिला.