भिंग मोठं करत नाही ओ, जवळ जाऊ देतं

टॉवेल-चादरीच्या धंद्यातल्या कुणाच्याही टेबलाचा ड्रॉवर उघडा, पावती पुस्तकं, रबर बँड आणि सुताच्या गुंत्याखाली एक पिक ग्लास सापडणारच. घडी होणारं, तीन पानांचं, कडेचा काळा रंग उडून पितळ दिसायला लागलेलं. खालच्या पानाला एक इंच बाय एक इंचाची चौकोनी खिडकी, तिच्या कडेने बारीक रेघा, वरच्या पानात भिंग. कापडावर उभं करायचं, डोळा टेकवायचा आणि सुईच्या टोकाने एकेक धागा बाजूला सारत मोजायचं, इंचात उभे किती, आडवे किती. पार्टीने फोन करून "माल हलका आलाय" म्हटलं की आधी हाच बाहेर निघतो, बाकी वादावादी नंतर.

तर हा पिक ग्लास काय करतो असं विचारलं की सगळे सांगतात, मोठं करून दाखवतो. शाळेत पण तेच शिकवलं होतं, भिंगाने वस्तू मोठी दिसते, आकृती काढा, चार मार्क. मला हे उत्तर अर्धवट वाटतं आणि त्या अर्ध्या राहिलेल्या भागातच सगळी मजा आहे म्हणून आज हे लांबलचक लिहायला बसलोय.

आधी हे बघा. धागा मोठा दिसायला भिंग लागतच नाही. कापड जवळ आणा, झाला मोठा. पन्नास सेंटीमीटरवरून पंचवीसवर आणलं की डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडणारी त्याची प्रतिमा दुप्पट होते, बारावर आणलं की साधारण चौपट, फुकटात. मग पाचवर का आणत नाही आपण? आणून बघा, आत्ता हा मोबाईलच नाकाजवळ न्या. अक्षरं मोठी होतात पण सगळं धुरकट. अडचण लहान-मोठ्याची नाहीच, फोकसची आहे. जवळ जायला डोळाच परवानगी देत नाही.

का देत नाही, त्यासाठी जरा आत शिरावं लागेल. चष्म्याचा नंबर म्हणजे डायॉप्टर, आणि त्याचा हिशोब अगदी सोपा, एक मीटरला नंबराने भागा की भिंगाचं फोकल अंतर मिळतं, म्हणजे लांबून आलेला प्रकाश भिंगापासून जितक्या अंतरावर एका ठिकाणी गोळा होतो ते. प्लस दोनचा चष्मा म्हणजे अर्धा मीटर. आता आपल्या डोळ्याचा एकूण नंबर किती, तर साठच्या आसपास! आणि त्यातले ४३ च्या आसपास एकट्या कॉर्नियाचे, म्हणजे बुबुळाच्या पुढे जो पारदर्शक घुमट असतो त्याचे. पुस्तकात ज्याला डोळ्याचं भिंग म्हणून मोठा मान देतात ते बिचारं आत बसून फक्त एक तृतीयांश काम करतं. याचा पुरावा विहिरीत पोहायला शिकलेल्या प्रत्येकाने घेतलेला आहे. पाण्यात डोळे उघडले की सगळं विरघळल्यासारखं दिसतं, कारण कॉर्निया आणि पाणी दोघं प्रकाश जवळपास सारखाच वाकवतात, त्यामुळे कॉर्नियाचा नंबर गायब होतो आणि आतलं भिंग एकटं पुरत नाही. गॉगल लावला की डोळ्यापुढे परत हवा आली, कॉर्निया परत कामावर. १८०१ मध्ये थॉमस यंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने हीच युक्ती उलटी वापरली, स्वतःच्या डोळ्यावर पाणी भरलेली भिंगवाली नळी लावून कॉर्नियाला बाद केलं आणि तरीही जवळ-लांबचा फोकस बदलतोय हे दाखवून दिलं, म्हणजे फोकस बदलायचं काम आतल्या भिंगाचंच. स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग, काय माणसं होती.

तर ते आतलं भिंग. साधारण नऊ-दहा मिलिमीटर रुंद, चारेक मिलिमीटर जाड, आणि काचेसारखं कडक नाही, लवचिक. चारी बाजूंनी अतिशय बारीक तंतूंनी ते टांगलेलं असतं आणि ते तंतू एका गोल स्नायूला जोडलेले. लांबचं बघताना स्नायू ढिला, वर्तुळ मोठं, तंतू ताणलेले, भिंग ओढून चपटं झालेलं. जवळचं बघायचं म्हटलं की स्नायू आवळतो, वर्तुळ लहान होतं, आणि इथे गंमत आहे, स्नायू आवळला की तंतू सैल पडतात, मागाच्या बीमवरचा, म्हणजे उभे धागे गुंडाळलेल्या रुळावरचा, ताणा सैल सोडावा तसे, आणि मोकळं झालेलं भिंग आपल्याआपण फुगतं. फुगलं की नंबर वाढला. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये हे मांडलं आणि आजही मोठा भाग तसाच मानला जातो. दिवसभर मोबाईल बघून डोळे दुखतात त्यात या आवळून बसलेल्या स्नायूचा पण हिस्सा आहे, म्हणून अधूनमधून खिडकीबाहेर लांब बघायला सांगतात. घरातले मोठे सांगायचे तेव्हा आपण ऐकलं नाही ती गोष्ट वेगळी.

आता हे भिंग वयाबरोबर कडक होत जातं. यात नवीन पेशींचे थर बाहेरून चढत राहतात पण जुन्या कधीच बाहेर पडत नाहीत, अगदी मधल्या गाभ्यातल्या पेशी तर आपण आईच्या पोटात असतानाच्या! दहा वर्षांचं पोरगं सात-आठ सेंटीमीटरवरचं स्वच्छ बघू शकतं. चाळिशीच्या आसपास ते अंतर वीस-पंचवीस होतं, आणि साठीत भिंग जवळपास हलतच नाही, हात पुरत नाही इतकं लांब धरावं लागतं. आजी "सुईत दोरा ओवून दे रे" म्हणून नातवालाच का हाक मारते, तर त्याचा डोळा सुईच्या आठ सेंटीमीटरवर जाऊ शकतो म्हणून. कारखान्यात नवीन बीम लागला की फणीतून एकेक धागा ओवायचा असतो, त्या कामाला बसलेल्या माणसाचं वय चाळीसच्या पुढे सरकलं की पुढच्या महिन्यात चष्मा दिसलाच म्हणून समजा.

याला अपवाद आमच्याकडचे अण्णा. साठी कधीच ओलांडली, आणि धागा बघायचा असला की चष्मा लावत नाहीत, काढतात. कपाळावर ढकलायचा, कापड तोंडासमोर धरायचं आणि धागा तुटलाय कुठे ते बोटाने दाखवायचं. मी खिशातून माझा चष्मा शोधेपर्यंत त्यांचं "काय मालक, लाईट वाढवू का?" येतंच. जादू काही नाही, त्यांचा नंबर लहानपणापासून वजा पाचचा. म्हणजे चष्म्याशिवाय त्यांचा डोळा काहीही कष्ट न करता वीस सेंटीमीटरवर फोकस होऊन बसलेला असतो. लांबचं काही दिसत नाही, पण धाग्याचा राजा.

अजून एक गोष्ट सोलापूरकरांनी नोट करावी. दुपारी बारा वाजता ओट्यावर बसून माझे वडील बिनचष्म्याचा पेपर वाचतात आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली तोच पेपर त्यांना वाचता येत नाही. आई म्हणते नाटकं आहेत. नाटकं नाहीत ओ. आपल्याकडच्या उन्हात डोळ्याची बाहुली आकसून दोनेक मिलिमीटर होते, आणि छिद्र जितकं लहान तितका फोकस चुकला तरी धुरकटपणा कमी. कॅमेरेवाले लेन्सचं छिद्र बारीक करून पुढचं मागचं सगळं शार्प काढतात ते हेच. चष्मा विसरलात तर मूठ वळून तिच्यातल्या बारीक भोकातून मेनूकार्ड वाचून बघा, चालतंय.

हां, तर पिक ग्लास. यातलं भिंग समजा पाच सेंटीमीटर फोकसचं आहे. तीन पानं उघडून उभी केली की कापड बरोबर त्या पाच सेंटीमीटरवर येतं, पायाची उंची त्या हिशोबानेच केलेली असते. तिथून निघालेला प्रकाश भिंगातून बाहेर पडताना समांतर होतो, म्हणजे डोळ्याला वाटतं की हे लांबून कुठून तरी येतंय, स्नायू ढिलाच राहतो, आणि कापड मात्र पाच सेंटीमीटरवर! कंपन्या त्यावर पाच पट लिहितात कारण साधारण डोळा पंचवीस सेंटीमीटरवरून बघतो असं धरायचा रिवाज आहे, पंचवीस भागिले पाच. पण तो रिवाज झाला. ज्याला पन्नासच्या अलीकडचं दिसत नाही त्याला हाच पिक ग्लास दहापट कामाचा, आणि आठ सेंटीमीटरवर बघू शकणाऱ्या पोराला जेमतेम दीड-पावणेदोन पट. तेच भिंग, तेच कापड. म्हणून म्हणतो की भिंग स्वतः काही मोठं करत नाही, डोळ्याला जिथे जाता येत नव्हतं तिथे नेऊन बसवतं, आणि तुम्ही आधीच किती जवळ जाऊ शकत होता त्यावर फायदा ठरतो.

कापडवाल्यांनी छाती फुगवायची एक गोष्ट सांगतो. नुसत्या एका भिंगाने हा खेळ सगळ्यात पुढे नेणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हता, कापड दुकानदार होता. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा अंतोनी व्हान लेव्हेनहुक, जन्म १६३२. त्या काळचे कापडवाले धागे तपासायला भिंग वापरायचेच. हा गडी अजून लहान, अजून गोल भिंगं करत सुटला. युट्रेख्टला त्याचं एक यंत्र आहे ते साधारण २७० पटीचं आहे, म्हणजे वरचा भागाकार केला तर फोकस एक मिलिमीटरच्या पण आत! भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवून आणि वस्तू भिंगाला चिकटवून बघायची. त्यातून त्याने तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्म जीव बघितले आणि १६७६ च्या पत्रात लंडनच्या रॉयल सोसायटीला जे कळवलं त्यात जिवाणू होते. कापडाच्या धंद्यातल्या माणसाने बॅक्टेरिया शोधला, आणि आपण अजून जीएसटीत अडकलोय.

मग दुर्बीण आणि मायक्रोस्कोपमध्ये वेगळं काय? पुढचं भिंग नळीच्या आत हवेत एक प्रतिमा तयार करतं, आणि डोळ्याकडचं भिंग त्या प्रतिमेला लावलेला पिक ग्लास असतो. एवढंच. वस्तूजवळ जाता येत नाही ना, मग वस्तूची प्रतिमा जवळ मागवून घ्यायची. हे घरी करता येतं. प्लस दोनचा चष्मा एका हातात लांब धरा, त्यावर मधोमध दोनेक सेंटीमीटरचं भोक पाडलेला काळा पुठ्ठा लावा, दुसऱ्या हाताने पाच सेंटीमीटर फोकसचा पिक ग्लास डोळ्याला लावा, दोन्हीत अंतर पन्नास अधिक पाच, पंचावन्न सेंटीमीटर. पन्नास भागिले पाच, दहा पटीची दुर्बीण झाली. गॅलिलिओने १६०९ मध्ये व्हेनिसच्या मंडळींना दाखवलेली आठ-नऊ पटीची होती, म्हणजे आपण त्याच्या पुढे. भुईकोट किल्ल्याचा बुरूज यातून मस्त दिसतो, फक्त उलटा, आणि कडेला निळी-तांबडी किनार. पोराने बघितला आणि म्हणाला "पप्पा, हे उलटं का दिसायलंय?" त्याला म्हटलं तुझ्या डोळ्यात पण उलटंच पडतंय, मेंदू त्याला धरूनच चालतो. केप्लर नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने हे १६०४ मध्येच लिहून ठेवलंय. सूर्याकडे मात्र असलं काहीही चुकूनसुद्धा रोखायचं नाही, डोळा जाईल, पोरांच्या हातात देताना समोर थांबा.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा हे सगळं परत डोक्यात फिरत होतं. गढुळलेलं भिंग काढून सहाएक मिलिमीटरचं कृत्रिम भिंग घडी करून बारीक छेदातून आत सरकवतात आणि ते आत जाऊन उलगडतं. आधी डोळ्याची लांबी मोजतात, ती फार जपून, कारण एक मिलिमीटर चुकला तर नंबर अडीच-तीनने हुकतो. कृत्रिम भिंग बसवणं सुरू केलं लंडनच्या डोळ्यांचे डॉक्टर हॅरॉल्ड रिडलीने १९४९ मध्ये, युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या पर्स्पेक्सचे, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचे, तुकडे घुसले होते आणि डोळा ते निमूट सहन करतोय हे बघून. त्याआधी काय, तर भिंग काढायचं आणि सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा, आमच्या पणजीचा तसाच होता. पट्टी काढल्यावर आई पलंगावरची जांभळी चादर बघून म्हणाली, "ही नवीन कधी आणली?" चादर जुनीच. वयाने पिवळट झालेलं भिंग निळा रंग गाळून टाकत होतं, ते गेलं. फक्त हे साधं भिंग फुगत नाही, लांबचं लख्ख, वाचायला चष्मा लागतोच, हे आधीच नीट समजून घ्या म्हणजे नंतर डॉक्टरशी भांडण नको.

आता सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जायचं म्हणून दुर्बीण कुठली घेऊ असे मेसेज येतात त्यांच्यासाठी. माळढोक दिसणं आता नशिबाचा भाग, पण काळवीट आणि माळावरचे पक्षी भरपूर. आठ बाय बेचाळीस घ्या. आठ म्हणजे पट, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाची मिलिमीटरमधली रुंदी. बेचाळीस भागिले आठ, सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. दिवसा तुमची बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरची असते म्हणजे त्यापेक्षा मोठा झोत घेऊन उपयोग नाही, पहाटे मात्र कामाला येतो. दहा बाय पन्नासवाली जड असते आणि दहा पटीत हाताचा थरथराट पण दहा पट. चष्मेवाल्यांनी डोळ्यापासून पंधरा मिलिमीटर लांब धरूनही पूर्ण चित्र दिसतंय का ते दुकानातच बघायचं, रबरी कप खाली फिरवून. आणि उजव्या डोळ्याजवळची ती छोटी रिंग शोभेची नसते, आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचा फोकस करा, मग डावा मिटून त्या रिंगने उजव्याचा, एकदा केलं की परत हात लावायचा नाही, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी फिरवली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.