कप ठेवायला वेगळी ताटली

बशीत ओतून फुर्रर्र करून चहा पिणं म्हणजे गावंढळपणा असं म्हणणाऱ्यांना मी आता सरळ कप प्लेट दाखवणारे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतली बरीच मंडळी चहा बशीतूनच प्यायची, आणि बशी हातात घेतली की ओला कप ठेवायचा कुठे, टेबलक्लॉथवर डाग पडणार ना, म्हणून खास कपासाठी तीन-साडेतीन इंचाची काचेची ताटली! आपल्याकडे एवढे लाड कुणी केले नाहीत, फरशीवर ठेवला कप की झालं.

मॅसॅच्युसेट्समध्ये सँडविच नावाचं गाव आहे (हो, खरंच), तिथल्या ग्लास म्युझियममध्ये या ताटल्या बघायला मिळतात. डेमिंग जार्व्हसने १८२५ मध्ये तिथे काचकारखाना काढला. समुद्रकाठी फुकटची वाळू म्हणून काढला असेल असं कुणालाही वाटेल, पण ती वाळू चांगल्या काचेला चालायचीच नाही, बाहेरून आणावी लागायची. भट्टीला आसपासच्या जंगलातलं सरपण आणि माल बोटीने बोस्टनला, हे खरं गणित.

हाताने पैलू पाडलेली काच श्रीमंतांचं काम. इथे वितळलेल्या काचेचा गोळा साच्यात टाकायचा आणि वरून लिव्हरने दाबायचं, की नक्षीसकट ताटली तयार. फक्त थंड धातूला लागून काच सुरकुतायची, निस्तेज दिसायची. मग यांनी काय केलं, तर नक्षीच्या मधली सगळी जागा बारीक बारीक ठिपक्यांनी भरून टाकली! सुरकुत्या गायब, वर उजेड पडला की नुसता लखलखाट, आणि दिसायला लेससारखी जाळीदार, म्हणून तिला लेसी ग्लास म्हणतात. दोष झाकायचा जुगाड आणि तोच सगळ्यात देखणा भाग, मला तर पैलूवाल्या काचेपेक्षा हीच आवडते. नीट पाहिलं तर काही ताटल्यांचा काठ एका बाजूला जाड असतो, काही ठिकाणी काच साच्याच्या टोकापर्यंत पोचलेलीच नसते, म्हणजे गोळ्याचा अंदाज चुकला.

आणि यावर राजकारण पण! १८४० च्या अमेरिकन अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसनच्या प्रचाराचं चिन्ह होतं लाकडी ओंडक्यांची झोपडी, तीसुद्धा या ताटल्यांवर आली, म्हणजे कप उचलला की खाली प्रचार.

पुढे बशीतून पिण्याची फॅशन गेली, तशी कप प्लेटही गेली. कारखाना मात्र १८८८ पर्यंत चालला, मग कामगारांचा संप झाला आणि बंदच पडला. मला एक झोपडीवाली घ्यायची आहे, काठ थोडा उडालेला असेल तरी चालेल, तेवढीच स्वस्त पडेल.