आमची वाटचाल: पाणी किती फुटावर आहे?

आमचं न्यूजलेटर कसं सुरू झालं असं कोणी विचारलं की मी सांगतो, पुरामुळे. समोरच्याला वाटतं मी चेष्टा करतोय.

थोडं मागचं सांगतो. कोल्हापुरात एका दैनिकाच्या डेस्कवर चौदा वर्षं उपसंपादक होतो, रात्रपाळी, पान सोडायचं आणि दीड-दोनला गाडीवरून घरी, वाटेत कुत्री मागे लागायची. २०१७ च्या पत्रकार दिनाला, ६ जानेवारीला, स्वतःची न्यूज साईट काढली. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, निघालं होतं, म्हटलं मुहूर्त तरी मोठ्यांचा घेऊ. माणसं तीन, मी, बायको आणि कॅमेरा सांभाळणारा एक पोरगा. ऑफिस म्हणजे राजारामपुरीत मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, खाली मशीन चालू झालं की वर टेबल थरथरायचं. मालक कोणी पुढारी नाही, साखर कारखाना नाही, बिल्डर नाही, एवढंच आमचं भांडवल होतं आणि तेवढ्यावर लाईट बिल भरता येत नाही हे पहिल्या तीन महिन्यांत कळलं.

पहिलं वर्ष सगळी भिस्त फेसबुकवर. बातमी टाकायची, शेअर व्हायची, लोक यायचे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की आता मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट जास्त दिसणार, पेजेसच्या कमी. आमची चूक अशी की घराला एकच दार ठेवलेलं आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. मग व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्ट केल्या, एका लिस्टमध्ये २५६ माणसं, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, म्हणजे अर्ध्या लोकांना आम्ही बोलावतोय हेच ठाऊक नाही. बायको लग्नाकार्यात सुद्धा लोकांचे फोन हातात घेऊन आमचा नंबर सेव्ह करून द्यायची, हे खोटं नाही.

मग ऑगस्ट २०१९. बाहेरच्यांसाठी सांगतो, कोल्हापुरात पावसाळ्यात "नमस्कार, कसं काय" च्या आधी "पाणी किती फुटावर आहे" असं विचारतात. पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे, तिथली पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. त्या वर्षी ती ५५ च्या वर गेली. २००५ चा पूर बघितलेली माणसंसुद्धा गप्प झाली. दसरा चौकातला सुतारवाडा तर दरवेळी पहिला हलतो, पण यावेळी जिथं कधी पाणी येत नाही म्हणून लोकांनी फ्लॅट घेतलेले तिथं पार्किंगमध्ये होड्या. हायवे शिरोलीजवळ बंद, दूध नाही, पेट्रोल नाही, पेपरची गाडी येणार कुठून.

आणि नेमकी त्याच दिवशी आमची साईट झोपली. एवढे लोक एकदम कधी आलेच नव्हते, स्वस्तातला प्लॅन घेतलेला. रात्री अकराला मेणबत्तीत बसलेलो, पॉवर बँकवर लॅपटॉप चालत नाही हे कळून चुकलेलं, फोनला बावीस टक्के. आमच्याकडे एक दिवाळी स्पर्धा घेतलेली त्याचे सहाशे-सातशे ईमेल पत्ते पडून होते. बायको म्हणाली, "अहो, मेलच टाका की सगळ्यांना, फोटो नको काही नको, नुसतं लिहा." लिहिलं. पातळी किती, राधानगरी धरणाचे सातपैकी किती दरवाजे उघडे, कुठले रस्ते बंद, जेवण कुठं मिळतंय. बारा ओळी. पन्नास-पन्नासच्या तुकड्या करून पाठवले, शेवटच्या तुकडीला फोन चार टक्के.

सकाळी उत्तरं आलेली. शारजाहून एकाने लिहिलेलं, आई बापट कॅम्पला आहे, फोन लागत नाही, तिकडची काही खबर? बापट कॅम्पला कुंभार लोक, गणपती तोंडावर आलेले, मूर्ती तयार होत्या, त्या सगळ्या पाण्यात. आमचा कॅमेरावाला पोरगा कंबरेएवढ्या पाण्यातून गेला, माउलीला एका शाळेत हलवलेलं, बरी होती. त्या माणसाला कळवलं. तो आजही वाचतो. पुराचे दिवस संपले तेव्हा लिस्ट सहाशेची तीन हजारावर गेलेली, लोक एकमेकांना फॉरवर्ड करत होते आणि खाली "मलापण चालू करा" असं लिहून परत पाठवत होते, त्यांचे पत्ते बायको एका वहीत उतरवायची. पाणी ओसरलं तसं मेल बंद केला. तिसऱ्या दिवशी फोन, "काय हो, मेल नाही आला, सगळं ठीक ना?" म्हटलं अहो पूर संपला. तर म्हणे, "मग दुसरं काहीतरी सांगा की!"

हे दुसरं काहीतरी म्हणजे आमचे सदरलेखक.

पहिले आले ते पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर, त्यांना आम्ही सगळे साहेब म्हणतो. पुराच्या मेलमध्ये मी कुठल्याशा धरणाचा विसर्ग क्युसेकऐवजी क्युमेक्स लिहिलेला, त्यावर त्यांचा खरमरीत मेल, एक क्युमेक म्हणजे पस्तीस क्युसेक, तुम्ही गाव बुडवलंत. मी फोन केला, माफी मागितली आणि म्हटलं तुम्हीच लिहा. दर गुरुवारी लिहितात. राधानगरीचे दरवाजे कोणी बटण दाबून उघडत नाही, पाणी ठरावीक पातळीला आलं की आपसूक उघडतात, हे शाहू महाराजांच्या धरणाखाली जन्म काढलेल्या माणसांना पहिल्यांदा कळलं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर सलग चार गुरुवार लिहिलं तेव्हा सांगलीहून एवढी पत्रं आली की पाचवा गुरुवार नुसता पत्रांचा केला, त्यातली निम्मी साहेबांना शिव्या घालणारी. त्यांनी हट्टाने तीच वर घ्यायला लावली.

साहेब कागदावर लिहितात. आखीव ताव, निळी शाई, समास सोडून. त्याचे व्हॉट्सॲपवर फोटो येतात, कधी तिसरं पान आधी, कधी पानावर चष्म्याची सावली. टाईप बायको करते. दुसरे एक सर आहेत, ते श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाईप करून देतात कारण त्यांच्या हाताला तेच बसलंय, मेलला चालणाऱ्या युनिकोड अक्षरांत आणलं की रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, 'कार्यकर्ता' चा भलताच काहीतरी होतो. शनिवारची संध्याकाळ त्या रफारांत जाते. तिसऱ्या एक वकीलबाई, फोनवर बोलून टाईप करतात, सातबारा आणि वाटणीपत्रावर लिहितात, त्यांच्या लेखात मधेच "अगं दूध बघ" असं यायचं. एकदा ते तसंच गेलं. एकाही वाचकाने तक्रार केली नाही, उलट पुढच्या आठवड्यात दोघींनी विचारलं, दूध उतू गेलं का.

मला जे सांगायचंय ते इथं आहे. बातमी लोकांना फुकट दहा ठिकाणी मिळते, तिच्यासाठी कोणी आमच्याकडे पैसे भरत नाही आणि भरू पण नये. पैसे भरतात ते गुरुवारी साहेब येतात म्हणून. गुरुवारी सकाळी सात म्हणजे सातच. साडेसात झाले की फोन सुरू.

चुका मात्र भरपूर केल्या. सगळ्यात गाजलेली एफआरपीची, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायच्या किमान दराची. २०२३-२४ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३१५ रुपये दर ठरला, म्हणजे टनाला ३१५०. ऊसवाल्या लेखकाने बरोबर लिहिलेलं, तोडणी-वाहतूक वजा जाता हातात काय पडतं तेही मांडून दाखवलेलं, आणि वरचं हेडिंग मी टाकलं: क्विंटलला ३१५० रुपये. साईटवर असतं तर दोन मिनिटांत बदललं असतं, मेल एकदा सुटला की सुटला. सात वाजून चार मिनिटांनी शिरोळ तालुक्यातून पहिलं उत्तर, "साहेब कारखान्याचं नाव सांगा, ट्रॅक्टर भरून उभा आहे." दिवसभर तेच. त्या दिवसापासून मेलच्या अगदी वर "कालची चूक" असा रकाना चालू केला. पेपरात आम्ही शुद्धिपत्रक आतल्या पानावर कोपऱ्यात लावायचो, इथं पहिलीच ओळ. काही लोक तेवढंच वाचतात असा मला दाट संशय आहे.

दुसरी चूक जरा टेक्निकल आहे, पण मराठीत मेल पाठवणाऱ्या कोणाला तरी उपयोगी पडेल म्हणून सांगतो. जीमेलमध्ये १०२ केबीच्या पुढचा मेल कापला जातो, खाली "पूर्ण मेल बघा" अशी बारीक ओळ येते. इंग्रजीवाल्यांना हे फारसं जाणवत नाही, पण देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा तीन बाईट खातं, त्यामुळे आपला मजकूर तिप्पट लवकर भरतो. आम्हाला हे माहीतच नव्हतं. साहेबांचे लांब लेख कापले जात होते आणि त्याबरोबर सगळ्यात खालची "मेल बंद करा" ही लिंकसुद्धा कापली जात होती. ज्याला बंद करायचंय त्याला लिंक सापडेना, मग तो काय करणार, स्पॅमचं बटण दाबणार. तसं दाबणारे वाढले की बाकीच्यांचे मेलपण स्पॅममध्ये. २०२४ च्या फेब्रुवारीपासून तर जीमेलचा नियमच आला, दिवसाला पाच हजारांच्या वर पाठवत असाल तर एका क्लिकमध्ये बंद करता आलं पाहिजे, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत पाहिजेत. आता बंद करायची लिंक आम्ही खाली तर ठेवतोच, वर पण ठेवतो. लेख लांब झाला तर दोन गुरुवार करतो, साहेब कुरकुरतात.

ओपन रेटची, म्हणजे किती जणांनी मेल उघडला त्या आकड्याची पण एक गंमत. २०२१ च्या शेवटी आयफोनवाले वाचक अचानक फार मन लावून वाचायला लागले असं आकड्यांत दिसलं, म्हणजे परदेशातले सगळे. आम्ही खूश, ऑफिसात मिसळ मागवली. नंतर कळलं, आयओएस १५ पासून ॲपलचं मेल ॲप माणसाने उघडायच्या आधीच चित्रं आणून ठेवतं, आणि चित्र उतरलं की मेल उघडला असं मोजतात, त्यामुळे न वाचलेला मेलपण वाचलेला दिसतो. मिसळ मात्र चांगली होती. तेव्हापासून मी उघडले किती हे बघत नाही, उत्तरं किती आली ते मोजतो.

पैशांचं सांगतो. वर्षाला सहाशे रुपये वर्गणी. आधी महिन्याला पन्नास ठेवलेली, कार्डवरून आपोआप कापली जायची. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा आपोआप कपातीचा नवा नियम लागू झाला. नियम ग्राहकाच्या भल्याचाच, पण आमची तयारी शून्य आणि एका महिन्यात निम्म्या वर्गण्या बंद पडल्या, लोकांना पत्ताच नाही की आपण सभासद राहिलेलो नाही. एकेकाला फोन केले. मग वर्षाची एकदम घ्यायला लागलो, यूपीआयने, मुदत संपताना आठवण करतो. दोन-चार आजोबा आजही ऑफिसात येऊन रोख देतात आणि पावती मागतात, छापील. पावतीपुस्तक छापून घेतलंय.

लेखकांना लेखामागे सातशे देतो. कमी आहेत, मला माहितीये. वर्षाचे बावन्न लेख धरले तर ३६,४०० होतात, तीस हजारांची मर्यादा ओलांडली म्हणून सीएने दहा टक्के टीडीएस कापायला लावला. साहेबांचा फोन, "सत्तर रुपये गेले कुठं?" समजावून सांगितलं, कर कापल्याचा दाखला, फॉर्म १६ए, नेऊन दिला, त्यांनी तो आकडे तपासून फाईलला लावला. एप्रिल २०२५ पासून मर्यादा पन्नास हजार झाली तेव्हा त्यांनीच मला आधी सांगितलं.

ऊसवाले लेखक मात्र गेले. वाईट भांडण वगैरे नाही. नाव झालं, त्यांना स्वतःचं काढायचं होतं, रास्त आहे. पण जाताना त्यांनी लिस्ट मागितली. म्हणाले, ही माणसं माझ्यामुळे आलीत. खरं होतं ते. रात्रभर झोप नाही. बायको म्हणाली, पत्ते ना तुमचे ना त्यांचे, ज्यांनी दिले त्यांचे. लिस्ट दिली नाही, पण शेवटच्या लेखाखाली त्यांच्या नव्या न्यूजलेटरची लिंक टाकली, मोठ्या अक्षरात. काही शे लोक गेले, बरेचसे दोन्ही वाचतात. बायकोच्या शब्दाला ऑफिसात वजन आहे, कारण २०२१ च्या आयटी नियमांनुसार साईटवर तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि ते पद तिच्याकडे आहे. घरातल्या तक्रारींना पंधरा दिवस लागत नाहीत.

आता परत पावसाळा तोंडावर आलाय. साहेबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, महिनाभर लिहायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून ते गुरुवारचा लेख बुधवारी रात्री फोनवर सांगतात आणि बायको उतरवून घेते. काल सांगताना मधेच थांबले, "स्वल्पविराम टाकलास का?" म्हणाले. तिने टाकला नव्हता.